घोड्याच्या पानावर अण्णा

माझ्या घोड्याला कुणी नावं ठेवलेली मला अजूनही खपत नाही. काळं दाट कापड, ताठ मान, झुपकेदार शेपूट, आणि आयाळीच्या जागी मोजून शंभर टाके. असा घोडा तेव्हाच्या नांदेडात दुसऱ्या कुणी कापून दाखवला असता तर मी कात्री नदीत टाकली असती. त्या घोड्यावर माझ्या सहा वर्षांच्या भाचीनं, लतानं, दोन्ही हात फिरवले. मी विचारलं, "वळख बरं, काय हाय हे?"

"अण्णा," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचा बाप. माझा धाकटा भाऊ वसंतराव. तो शेजारीच बसला होता आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मला वाटलं, कार्टी चेष्टा करून राहिली. मी पान उलटलं. तिथं मासा होता, कल्ले, शेपटी, सगळं जागच्या जागी. लतानं बोटं टेकवली न टेकवली तोच म्हणाली, "खातूनबी चाची." खातूनबी म्हणजे मागच्या भिंतीपलीकडची शेजारीण. पुढच्या पानावर घर होतं. त्याला ती जगदेवी म्हणाली. जगदेवी आमच्याकडे दूध घालायची आणि भांडी घासायची. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले, कारण हात उगारला गेला असता.

आधीचं सांगायला हवं. निजामाच्या राज्याची शेवटची दोन-तीन वर्षं उरली होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? वसंतराव सरकारी शाळेत उर्दूतून हिसाब शिकवायचा. रोज शेरवानी चढवून जायचा आणि आल्यावर ती खुंटीला लावायचा. लता दोन वर्षांची असताना घरात देवी आल्या. तिची आई सौदामिनी नवव्या दिवशी गेली. लता वाचली, पण डोळे गेले. सौदामिनीचे कपडे, अंथरूण, सगळं गावाबाहेर नेऊन जाळलं. तेव्हापासून लताचं न्हाणं, जेवण, चालणं माझ्या हाती होतं. मी घरातच होते. माझं लग्न तेराव्या वर्षी बिलोलीला झालं होतं आणि चौदाव्या वर्षी संपलं होतं.

हैदराबादेत अंध मुलांची एक शाळा होती. वसंतरावानं तिथं तीन अर्ज धाडले, तिसऱ्याला उत्तर आलं. जूनपासून एक जागा रिकामी आहे, शाळेचे मास्तर चैत्रात नांदेडला येऊन मुलीला बघतील. तिला हातानं चाचपून आकार ओळखता आले पाहिजेत, म्हणजे पुढं बोटांनी वाचायची अक्षरं शिकवता येतील. घरीच उठावाच्या चित्रांचं एखादं पुस्तक करून सराव द्यावा. आणि शेवटी एक ओळ होती, ती वसंतरावानं दोनदा वाचून दाखवली: सात वर्षांवरचं मूल शाळा घेत नाही. लताला श्रावणात सातवं संपायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला.

पुस्तक मी करायला घेतलं. आमच्या मागच्या भिंतीला लागून जिलानी जिल्दसाजाचं घर. इतवारा बाजारात त्याचं दुकान होतं, कचेरीच्या वह्यांना तो पाठी बांधायचा. त्यानं जाड पुठ्ठ्याची सहा पानं दिली. एरवी खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. पण लेकरू बोटं तोंडात घालील म्हणून यात त्यानं तो घातला नाही. कापड माझ्याकडे होतंच. गोधडीचं बोचकं कुणाच्या घरी नसतं? नवं कापड कोण कापतं? वापरून मऊ झालेलंच बरं असतं. वसंतरावाची विटलेली शेरवानी निघाली. जिलानीची बायको खातूनबी हिनं जुनी ओढणी आणि जिलानीची फाटकी लुंगी दिली. जगदेवीनं अर्धं इरकली लुगडं आणलं. माझं एक लुगडं विरलं होतं, पण ते मी बोचक्यात टाकलं नव्हतं. माझ्यासारखीचं कापड लेकराच्या वस्तूला लावत नाहीत. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नाही.

पक्ष्याच्या पंखाला काहीतरी खरखरीत हवं होतं. तेव्हा मी ट्रंकेतला लग्नातला शालू काढला, तो सवाष्णपणीचा म्हणून चालला असता, आणि जरीच्या पदराचा कोपरा कापला. कापताना मला काहीच वाटलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तर असं ते पुस्तक. घोडा, मासा, घर, पान, केळं आणि पक्षी. आणि पोरगी घोड्याला बाप म्हणत होती.

पहिल्यांदा आम्ही सगळा दोष जिलानीवर ढकलला. त्यानं सवयीनं पुस्तक उर्दूसारखं उजवीकडून उघडणारं बांधलं होतं. वसंतराव म्हणाला, "आक्का, ती उलटीकडून धरून राहिली. तिचा क्रम चुकला." हे मला एकदम पटलं. जिलानी बिचारा टाके उसवून परत डावीकडून बांधून घेऊन आला. लतानं पुस्तक मांडीवर घेतलं, घोड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "अण्णा."

"अगं पण अण्णाला शेपूट असती का?" मी ओरडले.

"न्हाई," ती म्हणाली. तिलाही काही कळेना. "पण अण्णाच हाय."

खातूनबी भिंतीपलीकडून म्हणाली, "नजर लगी बच्ची को." मग येऊन तिनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आम्ही सगळे खोकलो, लता सगळ्यांत जास्त. मग डोळे पुसत तिनं मासा चाचपला आणि खातूनबीचंच नाव घेतलं. खातूनबी एक पाऊल मागं सरली.

दोन दिवसांनी वसंतराव जेवताना हळूच म्हणाला, "आक्का, त्या तापानं डोळेच गेले का आणखी काही गेलं?"

मी पानात भात वाढत होते, तो वाढतच राहिले. जी पोरगी पावलांच्या आवाजावरून दारात कोण आलं ते सांगते, जी दुधाचं भांडं नुसतं हलवून जगदेवीनं पाणी किती घातलं ते सांगते, तिच्या डोक्यात काही कमी आहे? मग मला वाटलं, असेलही. मला काय कळतं? मी घोडा बघत होते, ती घोड्यावर हात ठेवून बापाचं नाव घेत होती. दोघींपैकी एकीचं डोकं ठिकाणावर नव्हतं एवढं नक्की.

आणि एक खरी गोष्ट सांगते. मनात कुठंतरी मला बरंही वाटलं. नाही ओळखलं तर ती जाणार नाही. मग वेणी घालायला, घास भरवायला माझ्याजवळच राहील. हे मनात आलं आणि माझा मलाच असा राग आला की मी दुपारी जेवले नाही.

गोंधळ जगदेवीनं सोडवला, आणि तोही भांडी घासता घासता. मास्तर यायला चार दिवस होते. मी लताला घेऊन अंगणात बसले होते. घराचं पान काढलं, चार भिंती, उतरतं छप्पर, मधोमध दार.

"काय हाय हे?"

"जगदेवी."

जगदेवीनं मान वळवली आणि राखेच्या हातानं तोंड झाकून हसायला लागली. "आवं आक्का, माझंच हाय की ते! माझ्या लुगड्याचं हाय. तुमीच न्हाई का मागून घेतलं?"

मी पानाकडे पाहिलं. मग जगदेवीच्या अंगावरच्या लुगड्याकडे. मग घाईघाईनं घोड्याचं पान काढलं. शेरवानी! वसंतराव घरी आला की लता त्याच्या मांडीला बिलगायची, तेव्हा गालाला लागायची ती हीच शेरवानी. मासा म्हणजे खातूनबीची ओढणी. पान आणि केळं जिलानीच्या लुंगीचं, त्याला अजून खळीचा वास येत होता. पोरगी एकदाही चुकली नव्हती. मी आकार कापत होते आणि ती माणसं वाचत होती.

एकच पान उरलं. मी तिचा हात पक्ष्यावर ठेवला. "आणि हे?"

तिनं जरीवर बोटं फिरवली, नाक लावलं, परत बोटं फिरवली. "हे कुणीच न्हाई," ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं. पण या खेपेला उठून गेले नाही.

वसंतरावाला सांगितलं तेव्हा तो हसला, मग रडला, मग मास्तर झाला. "पण आक्का, त्यांना आकार पायजेत. माणसं न्हाईत." हेही खरंच होतं. मग काय करायचं? एकाच नव्या कापडाच्या थानातून सगळे आकार कापायचे, म्हणजे कापडावरून तिला काही कळायचं नाही. जिलानीनं वह्यांना लावायचं कडक नवं कापड दिलं. दोन दुपारी खपून मी तेच सहा आकार परत केले. घोडा पहिल्यापेक्षा देखणा झाला.

लतानं नवं पुस्तक हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. "यात कुणीच न्हाई," ती म्हणाली. मी तिला कोपरे मोजायला शिकवलं. एक टोक, दोन टोकं, इकडं फुगीर, तिकडं निमुळतं. ती शहाण्यासारखी पाठ करायची. "लांब मान म्हणजे घोडा. दोन शेपट्या म्हणजे मासा." मधेच थांबून विचारायची, "आत्या, टांग्याचा घोडा मी हात लावून बघितला हाय. तो गरम असतो. हा घोडा का म्हणायचा?"

"चित्र हाय ते."

"चित्र म्हणजे?"

मी बत्तीस वर्षांची बाई. चित्र म्हणजे काय ते मला सांगता येईना.

मास्तर आले ते रेल्वेनं, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. रेणुकादास त्यांचं नाव. ते स्वतःच आंधळे असतील असं पत्रात कुठं लिहिलं नव्हतं. वसंतराव पुढं होऊन नमस्कार करत उभा राहिला आणि बराच वेळ उभाच राहिला. शेवटी त्यांची बायको पार्वतम्मा म्हणाली, "अय्यो, त्यांना दिसत नाय. बोला तुम्ही." मग सगळ्यांची एकच धांदल उडाली. पाट कुणी मांडायचा, पाणी कुठं ठेवायचं, कुणालाच सुचेना. लता तेवढी शांत बसली होती.

मास्तरांनी नवं पुस्तक मांडीवर घेतलं आणि लताचा हात धरून पहिल्या पानावर ठेवला.

"काय आहे?"

"लांब मान," लता म्हणाली. "घोडा."

वसंतरावानं सुस्कारा सोडला. मग मास्तरांनी स्वतःचा हात त्यावर फिरवला. परत फिरवला. कपाळाला आठ्या पडल्या. "हा घोडा आहे? कापला कुणी?"

"मी," मी म्हणाले. मला वाटलं, आता वाखाणतील.

"बाई, याला दोनच पाय कसे?"

मी म्हणाले, "बाजूनं बघितलं की दोनच दिसतात. पलीकडचे दोन झाकले जातात."

"बाजूनं म्हणजे कसं?" मास्तर म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. "मी घोड्याला बाजूनं हात लावतो तेव्हा चारही पाय सापडतात. खाली वाकावं लागतं, इतकंच."

मी वसंतरावाकडे पाहिलं, वसंतरावानं पार्वतम्माकडे. हिसाबाचा मास्तर आणि शंभर टाक्यांची आयाळ घालणारी मी, दोघंही त्या घोड्याचे पाय परत मोजायला लागलो. मास्तर लताकडे वळले. "पोरी, तुला हा घोडा वाटतो का?"

हो म्हण, मी मनात म्हणत होते. जागा एकच आहे, हो म्हण.

"न्हाई," लता म्हणाली. "पण आत्या म्हणती म्हणून घोडा."

गेली जागा, मला वाटलं, आणि लताचा कान धरावा की तिला पोटाशी घ्यावं ते कळेना. तेवढ्यात लताच म्हणाली, "माझं दुसरं पुस्तक हाय. त्यात माणसं हायेत." आणि उठून भिंतीला हात लावत आत गेली. जुनं पुस्तक तिनं अंथरुणाखाली ठेवलं होतं, मला पत्ता नव्हता.

तिनं मास्तरांना एकेक माणूस दाखवलं. हे अण्णा. हे खातूनबी चाची, ह्या ओढणीला धुतल्यावर पण तिचा वास राहतो. हे जिलानी चाचा. मास्तरांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. त्यांनी स्वतःच्या कोटाची बाही तिच्या हातात दिली, मग पार्वतम्माचा पदर दिला, मग न सांगता क्रम बदलून परत परत दिले. एकदाही चुकली नाही. शेवटी त्यांनी तिच्या तळहातावर नखानं सहा टोचे दिले, आधी जवळ, मग लांब, आणि तिनं मोजून सांगितले.

"हिला आकार येत नाही असं कोण म्हणतं?" मास्तर म्हणाले. "हिच्या बोटांना सुताचा फरक कळतो. आमच्या अक्षरांच्या ठिपक्यांचा कळणार नाही? जूनला घेऊन या."

वसंतरावानं भिंतीला डोकं टेकलं. मला मात्र आनंद व्हायला वेळच मिळाला नाही, कारण लता अजून पानं उलटत होती. ती पक्ष्यावर आली.

"हे कुणी न्हाई," तिनं मास्तरांना सांगितलं.

मास्तरांनी हात लावला. "जरीचं आहे. भारी आहे. पण नेसलेलं नाही, एखाद्या दिवसापलीकडं." त्यांना काय ठाऊक? ते कापडाबद्दल बोलत होते. वसंतरावानं खाली बघितलं. पार्वतम्मानं एकदा माझ्या बिनकाठाच्या लुगड्याकडे पाहिलं आणि मग तीही खाली बघायला लागली.

"सगळे हायेत," लता म्हणाली. "आत्याच न्हाई. मी लई शोधली."

"तो पक्षी मीच हाय," मी पटकन म्हणाले. आवाज चढला माझा. "तो माझा शालू हाय."

तिनं परत हात लावून बघितलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा तिनं खरोखर प्रयत्न केला. मग मान हलवली. "न्हाई. तू अशी न्हाईस."

जून कधी उजाडला कळलं नाही. जायच्या दिवशी दुपारची गाडी होती. जिलानी माणसांच्या पुस्तकाला कातड्याची पाठ लावून घेऊन आला, शहरात दहा हातांत फिरेल म्हणून. कात्री त्याच्या खिशात होतीच. खातूनबी लताचं बोचकं बांधत होती. ती सहज म्हणाली, "आक्का, तुमचा कपडा काऊन नाही लावला इसमें?"

काय सांगणार? तिच्यात तसलं काही मानत नसावेत. मी म्हणाले, "आमच्यात लावत न्हाईत."

"लडकी तो मांगती," खातूनबी म्हणाली आणि गाठ मारत राहिली.

मी जिलानीकडून कात्री मागून घेतली. नेसत्या वस्त्राला कात्री लावू नये म्हणतात. लेकराच्या वस्तूला माझं कापड लावू नये म्हणतात. मी इतकी वर्षं सगळं ऐकलं होतं आणि सगळं जपलं होतं, तरी देवी यायच्या त्या आल्याच होत्या. मी पदर पुढं ओढला आणि रोज लता जिथं तोंड पुसायची तिथला चौकोन कापून काढला. मातकट, विरलेला, फोडणीच्या वासाचा.

पक्ष्याच्या पानावर तो लावावा म्हणून मी पक्षी उसवायला घेतला. लताला टाका तुटल्याचा आवाज आला.

"काय करून राहिलीस?"

"हा काढते. ह्यात कुणीच न्हाई म्हणालीस ना?"

"राहू दे त्याला," ती म्हणाली. "कुणाचाच न्हाई तर माझा."

मग मी चौकोन पक्ष्याच्या खाली लावला. वेडेवाकडे टाके पडले. आयुष्यात इतके वाईट टाके मी घातले नाहीत. लतानं हात ठेवला. घोड्याला तिनं दोन्ही हात लावले होते, इथं एक बोट पुरलं.

"आत्या," ती म्हणाली. आणि कडेनं बोट फिरवून, "पण हे काय हाय? घोडा का मासा?"

"काहीच न्हाई. नुसतं कापड हाय."

"बरं," ती म्हणाली, आणि पुस्तक बोचक्यात न टाकता काखेत घेतलं.

गाडी सुटली तेव्हा वसंतराव तिच्याबरोबर होता. मी फलाटावरून हात हलवत राहिले. मग लक्षात आलं की ती ते बघू शकत नाही. इतकी वर्षं तिला सांभाळून मी अखेर हेच केलं.

संध्याकाळी जगदेवी आली. तिला पदराचं भोक दिसलं. "उंदीर लागला का वं आक्का?"

"हाव," मी म्हणाले.

"आणा, ठिगळ लावून देते."

मी नको म्हणाले. बोट त्या भोकातच होतं, स्टेशनापासून.